सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीतले मास्तर

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या वस्तीत बाबासाहेबांचे चरित्र सांगितले जाते. त्यात त्यांच्या वडिलांचा उल्लेख बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. ते लष्करात सुभेदार होते आणि बाबासाहेब त्यांचे चौदावे अपत्य, एवढे सांगून वक्ता थेट अमेरिकेला पोहोचतो. मधली बावीस वर्षे तशीच राहून जातात. त्या बावीस वर्षांत एका पेन्शनर माणसाने आपल्या धाकट्या मुलाला कसे शिकवले, हे ज्या घरांत आज पहिल्यांदाच शाळेची पुस्तके येत आहेत त्या घरांनी तरी नीट समजून घेतले पाहिजे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही लष्करातच होते. त्या काळी महाराच्या मुलाला गावच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, पण पलटणीत वेगळा कायदा होता. इंग्रजांच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे होते. सरकारने ते आपल्या सोयीसाठी केले, यात शंका नाही. परंतु या सक्तीमुळे महार शिपायांच्या घरांत अक्षर शिरले, आणि ते बायकांपर्यंतही गेले. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून मास्तर झाले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. म्हणजे आपण ज्यांना सुभेदार म्हणून ओळखतो, त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग हातात खडू घेऊन गेला. मी स्वतः शाळेत शिकवतो, म्हणून मला हे विशेष वाटते.

त्यांचे लग्न मुरबाडकरांच्या भीमाबाईंशी झाले. मुरबाडकर हे सुभेदारांचे घराणे, खाऊनपिऊन सुखी. त्या मानाने रामजींची परिस्थिती बेताची होती. चौदा मुले झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. धाकटा भीम १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला. एका संन्यासी नातेवाइकाने आधीच भाकीत केले होते, अशी एक कथा चरित्रांत येते. तिला आपण फार महत्त्व देऊ नये. भीमराव कसे घडले याचे उत्तर त्या कथेत सापडत नाही, ते सावकाराच्या दुकानात सापडते. त्याकडे पुढे येतोच.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करातली भरती बंद केली. ज्या जातीने तीन तीन पिढ्या पलटणीत घालवल्या, तिला एका हुकमाने परत गावकुसाबाहेर धाडले. रामजींनी हे मुकाट्याने सोसले नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने त्यांनी सरकारकडे अर्ज केला. सरकारने दाद दिली नाही. १८९४ साली ते निवृत्त झाले, महिना पन्नास रुपये पेन्शन घेऊन कोकणात दापोलीला आले आणि पुढे नोकरीसाठी साताऱ्याला गेले. तिथे १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीम तेव्हा पाच वर्षांचा होता. रामजींच्या अपंग बहिणीने, मीराबाईने, पोरांना सांभाळले.

पलटणीत सुभेदाराला सलाम मिळतो. पलटण सुटली की काय होते, ते १९०१ च्या सुमारास दिसले. दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव बांधला जात होता आणि रामजी तिथे खजिनदार होते. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. नवे सदरे, नव्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे घालून मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. येत असल्याचे पत्र त्यांनी आधी धाडले होते, पण नोकराच्या विसरभोळेपणामुळे ते रामजींच्या हाती पडलेच नव्हते. न्यायला कोणी आले नाही. मुले महाराची आहेत हे कळताच गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून, रात्रभर पाण्याच्या घोटाविना मुले दुसऱ्या दिवशी बापापाशी पोहोचली. सरकारी तिजोरी ज्याच्या हाती विश्वासाने सोपवली होती, त्याच्या मुलांना वाटेत कोणी पाणी दिले नाही.

रामजींनी दुसरे लग्न केले. भीमरावांना ते मुळीच रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून तो पोर आतून जळत असे. घर सोडून मुंबईला जावे, गिरणीत काम करावे असे त्याने ठरवले, आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या बटव्यात हात घातला, तर निघाला अर्धा आणा. तेव्हा त्याने मनाशी ठरवले की झटून अभ्यास करायचा आणि लवकर आपल्या पायावर उभे राहायचे. बापलेकांत असे ताण होते. ते लपवण्याचे कारण नाही. रामजी करडे होते, घरात त्यांचा शब्द शेवटचा असे, आणि पुढे बाबासाहेबांनीही हे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. स्वयंपाक तिथेच, सामान तिथेच, निजणेही तिथेच. अशा खोलीत अभ्यास कुठे करायचा? पलटणीतल्या माणसाने पहाऱ्याचा उपाय काढला. भीमाला लवकर निजवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. मुलाला पाठ्यपुस्तकांबाहेरची पुस्तके वाचण्याचे वेड लागले, आणि पन्नास रुपयांच्या पेन्शनीत ते भागेना. मग रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. मंजुळा आणि तुळसा या बहिणींनी आपले दागिने काढून द्यायचे, रामजींनी ते सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक आणायचे आणि पेन्शन हातात पडली की सोडवून परत करायचे. थोरल्या मुलांना नोकऱ्या धराव्या लागल्या. शिकला तो एकटा भीमच. हा निवाडा सगळ्या भावंडांना सोपा गेला असेल असे मला वाटत नाही. पण ज्या बहिणींनी अंगावरचे उतरवून दिले, त्यांचे नाव जयंतीच्या मंचावर मी क्वचितच ऐकले आहे.

आता धर्माची गोष्ट. रामजी कबीरपंथी होते, मद्यमांसाला शिवत नसत. घरात भजन होई आणि मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतले जाई. मुंबईत भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्काराचे ठरवले. रामजींनी नकार दिला. सत्काराने पोराच्या डोक्यात वारे शिरेल, असा त्यांचा हिशेब. मग दादा केळुसकर स्वतः येऊन त्यांच्याशी बोलले, तेव्हा त्यांनी मान्य केले. त्याच सभेनंतर केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हातात दिले. म्हणजे बुद्ध त्या घरात आला तो बापाने आधी नाकारलेल्या समारंभातून.

पुस्तक वाचून मुलाने बापाला विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता सांगितली आहे ते आम्हाला का वाचायला लावता, बुद्धाविषयी का सांगत नाही. रामजी चिडले आणि गप्प बसवून टाकले. पण प्रश्न त्यांच्या मनात राहिला असावा. काही दिवसांनी मुलाने धीर करून पुन्हा विचारले तेव्हा त्यांचे उत्तर तयार होते. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड बसण्याचा धोका. द्रोण, कर्ण, कोळ्याचा वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती वर गेले ते मुलांना कळावे, म्हणून हे वाचन. हा सारा प्रसंग बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवला आहे. वडिलांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे हे त्यांनी मान्य केले, पण समाधान झाले नाही हेही लिहिले.

हा प्रसंग नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांनी पुन्हा वाचावा. आजोबांचा टाळ माळ्यावर टाकायचा की नाही, त्यांच्या माळ घातलेल्या फोटोचे काय करायचे, यावरून बापलेकांत अबोला झालेली घरे मी पाहिली आहेत. बाबासाहेबांनी वडिलांचे ग्रंथ सोडले, पण वडिलांना अडाणी ठरवले नाही. ज्या कबीराचे भजन त्या घरात होई, त्याला त्यांनी पुढे बुद्ध आणि फुले यांच्याबरोबर आपला गुरू म्हटले.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. वडिलांना हे पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरतेला वडिलांसाठी बर्फी घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजींची नजर त्यांनाच शोधत होती. मुलाच्या पाठीवरून त्यांनी थकलेला हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला उतरले. दहा वर्षांनी, १९२३ साली, लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याच्या घरात महिनाअखेर कधी रुपया उरला नाही, त्याचा मुलगा जगाला रुपयाचे शास्त्र समजावून सांगत होता. तो ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.