विश्लेषण : वळूच्या वंशावळीचे गणित मांडणारे सिवॉल राइट कोण होते?

गाय धडधाकट, वळूही धडधाकट. तरीही वासरू खुजे किंवा अधू जन्मते. हा धोका आधी मोजता येतो का? अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी त्याचे उत्तर आकड्यांत दिले.

गिनीपिगांपासून सुरुवात

राइट यांचा जन्म २१ डिसेंबर १८८९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील मेलरोझचा. १९१५ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. तिथे १९०६ पासून गिनीपिगांच्या सख्ख्या भावंडांतच पैदास सुरू होती. नोंदींत राइट यांना दिसले, की पिल्ले कमी होतात, वजन घटते, मरतूक वाढते. दोन वेगळ्या कुळांचा संकर केला, की जोम परत येतो.

सूत्र काय सांगते?

अनेक दोषांचे जनुक अप्रभावी असतात. एक सदोष प्रत असलेले जनावर निरोगी दिसते, पण वाहक असते. आई-बाप दोघांकडून सदोष प्रत आली, की दोष उघड होतो. समान पूर्वजाची एकच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता म्हणजे ‘अंतःप्रजनन गुणांक’. राइट यांनी त्याचे सूत्र १९२२ मध्ये मांडले. वंशावळीतली प्रत्येक पायरी ही शक्यता निम्मी करते. वळू आणि त्याचीच कालवड यांच्या वासरात ती २५ टक्के, तर सावत्र भावंडांच्या वासरात १२.५ टक्के असते. खुद्द राइट यांच्या आई-वडिलांचे एका बाजूचे आजी-आजोबा एकच होते. त्या हिशेबाने त्यांचा स्वतःचा गुणांक ६.२५ टक्के!

हजार गिनींचा वळू

राइट यांनी हे सूत्र शॉर्टहॉर्न जातीला लावले. इंग्लंडमधील चार्ल्स कोलिंग यांचा ‘कॉमेट’ वळू १८१० मध्ये एक हजार गिनींना विकला गेला होता. त्याचा बाप ‘फेवरिट’. आई त्याच फेवरिटची मुलगी, तीही फेवरिटच्या स्वतःच्या आईपासून झालेली. कॉमेटचा गुणांक निघाला सुमारे ४७ टक्के.

आज महत्त्व का?

राइट पुढे शिकागो आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांत होते. १९८८ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९५०च्या दशकात अमेरिकेतील हेरफर्ड जातीत खुजेपणा पसरला. २००८ मध्ये अँगस जातीत वाकड्या सांध्यांची मृत वासरे जन्मू लागली आणि माग एका लोकप्रिय वळूच्या वंशापर्यंत गेला. कृत्रिम रेतनामुळे एका वळूची हजारो वासरे होतात, तसा त्याचा लपलेला दोषही पसरतो.

गुणांक धोका किती ते सांगतो. नेमका वाहक डीएनए चाचणीने कळतो. भारतातही रेतनासाठीच्या होल्स्टीन वळूंची अशा काही आनुवंशिक दोषांसाठी तपासणी होते. गोठ्यात मात्र पहिली खबरदारी साधीच आहे : रेतनाची नोंद ठेवा आणि कालवडीला तिच्याच बापाचे रेत देऊ नका.