दोन चौकटींत न बसणारं घर



कुटुंबाचा पाठ आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर दोन चौकटी काढायच्या. एकीत आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडं; दुसरीत आई-बाबा आणि एक-दोन मुलं. पूर्वी ते होतं, आता हे आहे, संपला पाठ! पण पाचगणीत तो असा संपत नाही बघा. इथली कितीतरी मुलं वसतिगृहात राहतात. घरातल्या माणसांची चित्रं काढा म्हटलं की एखादा हळूच विचारतो, खोलीतल्या मित्राला काढू का?

अशा वेळी मी वर्गाला मनानेच पसरणीचा घाट उतरवून, वाईवरून साताऱ्याला नेतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या घरी.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणं जैन, सोवळं-ओवळं पाळणारं. कोल्हापूरला शिकताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते जाऊन आले आणि नंतर शुद्धीची आंघोळ करायला नाही म्हणाले. त्यापायी स्वतःच्या वसतिगृहातली जागा गेली. पुढे १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळ्या जातिधर्मांची खेड्यातली मुलं एका छपराखाली राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. हे सगळं पुस्तकात असतंच.

पुस्तकात दोन ओळींत उरकतात त्या लक्ष्मीबाई. खरं तर पाठ इथे आहे. माहेर खातंपितं, अंगावर भरपूर सोनं, वळण जुनं. ज्यांची सावलीही टाळायची असं लहानपणी शिकवलं, त्याच घरांतल्या लेकरांना आता जेवू घालायचं होतं. हे एका दिवसात जमलं असेल असं मला वाटत नाही. पण जमलं. मुलांची दुखणीखुपणी त्यांनीच काढली. अण्णा वर्गणीसाठी गावोगाव हिंडायचे आणि मागे कोठीतलं धान्य संपायचं. मग एकेक दागिना जायचा. शेवटी तर मंगळसूत्रही मोडलं. नवरा हयात असताना! त्या काळी याचा अर्थ काय होता, हे वर्गात सांगण्याआधी घरातल्या आजीला विचारून बघा.

त्यांना स्वतःचाही मुलगा होता. इतक्या मुलांत त्याच्या वाट्याला आई किती आली असेल, हा प्रश्न एकदा एका मुलीने विचारला. मला उत्तर देता आलं नाही.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. अण्णा त्यानंतर एकोणतीस वर्षं, ९ मे १९५९ पर्यंत, मुलं गोळा करत राहिले. ‘रयत’मध्ये लक्ष्मीबाईंच्या नावाची शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली.

खोलीतल्या मित्राला काढू का विचारणाऱ्या त्या मुलाला मी हो म्हटलं. त्याने वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींनाही काढलं, आणि कागद अपुरा पडला म्हणून दुसरा मागून घेतला.