कोशाआड झाकलेले प्राचार्य

शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात शाळेत संस्कृत घेणारी मुले मोजकीच. त्यांतले कुणी शब्द अडला म्हणून माझ्याकडे आले, की मी कपाटातून आपट्यांचा कोश काढून देतो. शब्द सापडतो, मूल वहीत लिहून घेते. मग मी विचारतो, हे आपटे कोण? कोश लिहिणारे, असे उत्तर ठरलेले. चूक नाही ते. पण वामन शिवराम आपटे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य, हे मुलांना काय, त्यांच्या आईवडिलांनाही ठाऊक नसते. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन म्हटले की टिळक, आगरकर, चिपळूणकर ही नावे ओठांवर येतात. ज्यांनी रोजची शाळा चालवली, ते आपटे कोशाच्या जाडजूड पुठ्ठ्याआड राहून गेले.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, सावंतवाडी संस्थानातल्या बांदे पेट्यातील असोलोपाल गावचा. घर एके काळी खाऊनपिऊन सुखी, पण वडिलांच्या हयातीतच ते खालावले. वामन लहान असतानाच वडील वारले. आई दोन मुलांना घेऊन कोल्हापुरास आली. थोड्याच वर्षांत आई गेली, थोरला भाऊही गेला. परक्या गावात एकटा उरलेला पोर त्या काळी कुठे जात असे? कुणाच्या दारी माधुकरी मागायला, नाहीतर दुकानात पुड्या बांधायला. हा मुलगा राजाराम हायस्कुलात गेला, कारण तिथले हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांच्या नजरेस त्याची बुद्धी पडली आणि त्यांनी त्याला हात दिला.

या कुंट्यांपाशी मी नेहमी थबकतो. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे निघतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या पटावरची मुलेही निघतात. त्यांतले एखादे पोर मागे ठेवून घ्यावे, त्याच्या जेवणाची सोय करावी, म्हणून धडपडणारा मास्तर मी पाहिला आहे. असा मास्तर कोल्हापुरात भेटला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

१८७३ साली वामन मॅट्रिक झाला, तो संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊनच. मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. तिथे कीलहॉर्न या जर्मन पंडिताच्या हाताखाली अभ्यास झाला. १८७७ मध्ये बी. ए., १८७९ मध्ये एम. ए. एवढ्या पदव्यांवर सरकारी नोकरी चालून आली असती. निराधारपण भोगलेल्या माणसाने ती घेतली असती तर कुणी नावे ठेवली नसती. पण १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांच्या साथीने न्यू इंग्लिश स्कूल काढले होते, आणि आपटे तिकडे गेले. ते शाळेचे सुपरिंटेंडेंट झाले.

तेव्हाची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजी शिक्षण म्हणजे एक तर सरकारी शाळा, नाहीतर मिशनऱ्यांची. आपल्या नगर जिल्ह्यात तर अमेरिकन मिशन १८३१ पासूनच शाळांच्या कामाला लागले होते. नगरला महाविद्यालय झाले ते १९४७ मध्ये, तेही डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञाच्या हातून. हिंदू तरुणांनी, धर्मसंस्थेच्या पैशावाचून आणि सरकारी चाकरी न पत्करता स्वतःची शाळा आणि मग महाविद्यालय चालवून दाखवावे, ही १८८० साली वेड्याची कल्पना होती.

ती बुडायची वेळ १८८२ मध्येच आली. मार्चमध्ये विष्णुशास्त्री वारले. अवघे एकतीस वर्षांचे. कोल्हापूरच्या दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. एक प्रवर्तक गेलेला, दोन बिनीचे शिक्षक गजाआड, आणि घंटा तर रोज वाजायची! सुपरिंटेंडेंट होते चोवीस वर्षांचे आपटे. त्याच वर्षी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी शाळा पाहिली आणि तिची वाखाणणी केली. तुरुंगातल्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. बाहेर राहून ज्याने वर्ग चालू ठेवले, त्याच्यावर कोण लिहिणार?

त्याच हंटर आयोगापुढे त्याच साली जोतीराव फुल्यांनीही निवेदन दिले. सरकार वरच्या शिक्षणावर पैसा खर्चते आणि तो पैसा भरणाऱ्या शेतकऱ्याचे पोर प्राथमिक शाळेवाचून राहते, हे त्यांचे म्हणणे. शेवगावात बसून वाचणाऱ्याला ते झोंबते. पुण्यात उभ्या राहिलेल्या त्या शाळा-महाविद्यालयाचे चालक ब्राह्मण होते, आणि आमच्याकडच्या कुणब्याच्या, वंजाऱ्याच्या घरापर्यंत उच्च शिक्षण पोहोचायला पुढे कैक दशके लागली. आपट्यांचे मोठेपण सांगताना हे गाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तरी खाजगी संस्थेने, थोडक्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकांच्या बळावर महाविद्यालय चालवता येते, हा दाखला मात्र इथे ठळकपणे घातला गेला.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. नाव दिले मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. स्वाभिमानी मंडळींनी व्यवहारही किती जाणला होता, ते यावरून कळते. प्राचार्यपदी बसले सव्वीस-सत्तावीस वर्षांचे वामनराव. पुढे पगार, शिस्त, बाहेरची कामे यांवरून आजीव सदस्यांत वाद माजले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. आपटे महाविद्यालयातच राहिले.

आणि या सगळ्या धबडग्यात कोश! संस्कृत वाक्यरचनेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८१ चे, इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ चा, आणि मोठा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. शब्दाचा अर्थ देऊन ते थांबत नाहीत. तो कवींनी कसा वापरला, त्याची उदाहरणे देतात. शेवटी वृत्तांची माहिती, ग्रंथकारांचे काळ, प्राचीन स्थळांची नावे. महागडे परदेशी कोश ज्याला परवडत नाहीत, अशा विद्यार्थ्यासमोर बसून लिहिल्यासारखे हे काम आहे. वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसालाच विद्यार्थी कुठे अडतो ते कळते.

९ ऑगस्ट १८९२ रोजी आपटे वारले. वय चौतीस. प्राचार्यपद आगरकरांकडे आले, आणि तेही तीन वर्षांत गेले. चतुःश्रृंगीच्या बाजूची महाविद्यालयाची नवी इमारत १८९५ मध्ये वापरात आली, ती आपट्यांना पाहायला मिळाली नाही. त्यांचा कोश मात्र १९५७ ते १९५९ या काळात परशुराम कृष्ण गोडे आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी तीन भागांत वाढवून पुन्हा काढला.