नवरा खिडकीत, एमिली पुलावर

तुमच्या कॉलेजच्या वाटेवर एखादा अर्धवट पूल आहे का? नदीत चार खांब उभे, वर गंजलेल्या सळया आणि काठावर खर्चाचा बोर्ड. या काठाची महापालिका त्या काठाच्या नगरपरिषदेकडे बोट दाखवते आणि तुम्ही रोज पाच किलोमीटरचा वळसा घालता. वैतागलात की आज ही गोष्ट वाचा. यात पूल आहे, पैशांवरून भांडणारी दोन शहरं आहेत आणि एमिली रोब्लिंग नावाची एक बाई आहे.

एमिली वॉरनचा जन्म १८४३ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग गावचा. भाऊ सैन्यात जनरल. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना ती त्याला भेटायला छावणीत गेली आणि तिथे तिची ओळख वॉशिंग्टन रोब्लिंग या तरुण इंजिनीअर अधिकाऱ्याशी झाली. १८६५ मध्ये लग्न झालं. सासरे जॉन रोब्लिंग झुलत्या पुलांसाठी नावाजलेले. म्हणजे घरात जेवतानाही विषय पुलाचाच!

तेव्हा न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन ही दोन वेगळी शहरं होती. मधे ईस्ट रिव्हर. नाव नदीचं, पण खरं तर ती भरती-ओहोटीची खाडीच. ये-जा सगळी बोटीने. १८६६-६७ च्या हिवाळ्यात पाणी गोठलं, बोटी अडकल्या आणि पूल हवाच यावर एकमत झालं. प्रश्न एकच उरला, पैसे कोण देणार?

१८६७ मध्ये पुलासाठी कंपनी निघाली. भांडवल ५० लाख डॉलर. त्यातले ३० लाख ब्रुकलिन शहराने घातले, १५ लाख न्यूयॉर्कने आणि उरलेले ५ लाख खासगी भागधारकांनी. आता गंमत बघा. पैसा बहुतेक जनतेचा, पण कारभार खासगी मंडळींच्या हातात. लाचलुचपतीचे आरोप झाले, खर्च वाढत गेला. शेवटी कायदा बदलून पूल दोन्ही शहरांच्या मालकीचा झाला. दोन वाटे ब्रुकलिनचे, एक वाटा न्यूयॉर्कचा. तरीही १८७८ मध्ये न्यूयॉर्कने आपला हप्ता रोखला, काम थांबलं, प्रकरण कोर्टात गेलं. ओळखीचं वाटतंय ना?

त्याआधीच रोब्लिंग घरावर संकट कोसळलं होतं. १८६९ मध्ये जागेची मोजणी करताना सासऱ्यांचा पाय बोटीच्या धक्क्यात चिरडला आणि धनुर्वाताने ते गेले. मुख्य इंजिनीअरची जबाबदारी बत्तीस वर्षांच्या वॉशिंग्टनवर आली. पुलाच्या मनोऱ्यांचा पाया घालायचा म्हणजे तळ नसलेली लाकडाची अवाढव्य पेटी पाण्यात उतरवायची, आत दाबाची हवा भरायची आणि माणसांनी तिथे उतरून गाळ उपसायचा. त्या दाबातून घाईने वर आलं की सांधे पिळवटून निघत, कुणाला लकवा मारे, काही जण दगावले. वॉशिंग्टन स्वतः वारंवार आत उतरायचा. १८७२ मध्ये त्याने अंथरूण धरलं. त्यानंतर दहाहून जास्त वर्षं तो कामावर जाऊ शकला नाही. पुढे ब्रुकलिनच्या घरातून, खिडकीशी बसून, दुर्बिणीने तो आपला पूल बघायचा.

आणि इथे एमिलीची एंट्री होते. सुरुवातीला ती फक्त नवऱ्याच्या सूचना लिहून घ्यायची. पण न समजता लिहिणं तिला जमेना. मग ती अभ्यासाला बसली. उच्च गणित, लोंबत्या तारेच्या वक्ररेषेचा हिशेब, साहित्याची ताकद, केबलची बांधणी, सगळं शिकली. डिग्री नाही, पगार नाही, पद नाही. जवळपास रोज ती साइटवर जायची, सहायक इंजिनीअरांना सूचना द्यायची, त्यांचे प्रश्न घरी आणायची. कंत्राटदार आणि अधिकारी भेटायला येत, तेव्हा उत्तरं तीच द्यायची. खरी मुख्य इंजिनीअर हीच असावी, असं लोक कुजबुजू लागले.

टेन्शन कमी नव्हतं. १८७८ मध्ये तारेच्या कंत्राटदाराने खराब तार खपवल्याचं उघड झालं. वळलेली तार काढणं अशक्य, म्हणून प्रत्येक केबलमध्ये दीडशे तारा जादा घातल्या. मग १८८२ मध्ये ब्रुकलिनचे तरुण महापौर सेथ लो यांनी वॉशिंग्टनला पदावरून हटवायचा घाट घातला. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जनतेचे पैसे पाण्यासारखे जाताहेत आणि मुख्य इंजिनीअर कुणाला दिसतही नाही, मग जाब विचारायचा कुणाला? पण पुलाचा सगळा हिशेब त्याच खोलीत होता आणि ती खोली एमिलीमुळे कामाशी जोडलेली होती. विश्वस्तांनी मतदान घेतलं. दहा विरुद्ध सात. वॉशिंग्टन राहिला.

२४ मे १८८३ ला पूल खुला झाला. मधला गाळा १,५९५ फुटांचा, तेव्हा झुलत्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब. खर्च सुमारे दीड कोटी डॉलर. चालत जाणाऱ्याला टोल एक सेंट. पहिल्याच दिवशी सुमारे दीड लाख लोक पलीकडे गेले. पण उद्‌घाटनाआधीच घोडागाडीतून पूल ओलांडायचा पहिला मान एमिलीला मिळाला होता. सोबत विजयाची खूण म्हणून एक जिवंत कोंबडा! उद्‌घाटनाच्या भाषणातही तिचं नाव आदराने घेतलं गेलं.

ती तिथेच थांबली नाही. १८९९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तिने न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला. १९०३ मध्ये ती गेली, साठी न गाठताच. तोवर ती दोन भांडखोर शहरं एक झाली होती, १८९८ मध्ये. पुलावर आज तिच्या नावाची पाटी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी त्या अर्धवट पुलापाशी थांबलात तर बोर्ड नीट वाचा. कुणी किती पैसे द्यायचे होते, काम कधी संपणार होतं, ते बघा आणि जाऊन विचारा. तो प्रश्न विचारायला पद लागत नाही, अभ्यास लागतो. एमिलीकडे तेवढाच होता.