मनुष्य की मालमत्ता?

जिंदगीची यादी करणे आमच्या व्यापारी वाचकांस नवीन नाही. घरचा कर्ता वारला म्हणजे वाटणीपूर्वी गुरेढोरे, भांडीकुंडी यांची मोजदाद होऊन प्रत्येक वस्तूपुढे तिची किंमत मांडली जाते. परंतु घोडे व डुकरे यांच्या ओळीत मनुष्येही उभी करून त्यांचा आकार ठरविला तर? अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात १८२७ साली असेच घडले. आणि त्या ओळीत सुमारे नऊ वर्षांचा एक आफ्रिकी वंशाचा मुलगा होता. पुढे वाणी व लेखणी यांच्या बळावर ज्यांनी त्या राष्ट्राची झोप उडविली, ते फ्रेडरिक डग्लस ते हेच होत.

डग्लस यांचा जन्म १८१८ सालचा. तिथी त्यांस जन्मभर कळली नाही. गुलामाच्या पोराची तिथी कोण लिहून ठेवणार? आई दूरच्या शेतावर राबे. रात्री कित्येक कोस चालून येई, मुलास कुशीत निजवी आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. अशा भेटी बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या, तोच ती वारली.

बाल्टिमोर शहरी ज्या घरी त्यांस ठेविले होते, तेथील बाईने त्यांस मुळाक्षरे शिकविली. तिच्या नवऱ्याने ते तत्काळ बंद केले. कारण शिकलेला मनुष्य गुलाम राहत नाही, हे तो जाणून होता. मुलानेही नेमके तेच ओळखले, आणि रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांस भाकरीचे तुकडे देऊन त्यांजकडून वाचन शिकून घेतले.

१८३४ साली गुलामांची रग जिरविण्यात नाव कमावलेल्या एका शेतकऱ्याच्या हवाली त्यांस केले. कित्येक महिने चाबूक सोसल्यावर ते उलट उभे राहिले, आणि त्या शेतकऱ्याची पुन्हा हात उगारण्याची छाती झाली नाही. पुढे गोदीत गलबतांच्या फटी बुजवून मिळविलेली मजुरी आठवड्याच्या आठवड्यास धन्याच्या हाती ठेवावी लागे. अखेर ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात, दुसऱ्याचा दाखला खिशात घालून, ते आगगाडीने उत्तरेस निसटले.

१८४५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. नाव झाले, तसे पकडले जाण्याचे भयही वाढले. म्हणून ते आयर्लंड व इंग्लंड येथे गेले. तेथील स्नेह्यांनी वर्गणी करून १८४६ साली दीडशे पौंडांस त्यांची मुक्तता विकत घेतली. स्वतःच्या देहावर हक्क सांगण्यास खरेदीचा कागद! कायदा यथासांग पाळला गेला, न्यायाचे काय? १८४७ साली त्यांनी ‘नॉर्थ स्टार’ म्हणजे ध्रुवतारा हे पत्र काढले. यादवी युद्धात त्यांचे दोन पुत्र लढले, आणि १८६५ साली गुलामगिरी राज्यघटनेनेच निषिद्ध ठरविली. डग्लस १८९५ साली निवर्तले.

या मुक्तीचे मोल महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी ओळखले, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. आमच्याकडे वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तथापि उचलीच्या रकमेपोटी एखादे कुटुंबच्या कुटुंब जेथे अडकून पडते आणि त्यातील मूल शाळेस मुकते, तेथे ती जुनी यादी खरोखर फाडली गेली काय? प्रत्येक सावकाराने व मुकादमाने आपली वही उघडून याचे उत्तर स्वतःस द्यावे.