एडवर्ड व्हिक्टर ॲपल्टन
सर एडवर्ड व्हिक्टर ॲपल्टन (६ सप्टेंबर १८९२ – २१ एप्रिल १९६५) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ होते. रेडिओ तरंग परत फिरवणारे विद्युत्‌भारित थर वातावरणाच्या वरच्या भागात आहेत, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. त्यांना १९४७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन
ॲपल्टन यांचा जन्म यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड येथे झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या संदेशवहन विभागात होते; रेडिओविषयीचे त्यांचे कुतूहल तेथेच जागे झाले. युद्धानंतर त्यांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधन केले. १९२४ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले.

पार्श्वभूमी
रेडिओ तरंग प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात, पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र वक्र आहे. असे असूनही डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी इंग्लंडहून निघालेला संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंड येथे ऐकल्याचे जाहीर केले. हे तरंग उंचावरील एखाद्या विद्युत्‌वाहक थरावरून परावर्तित होत असावेत, असा तर्क १९०२ मध्ये केनेली आणि हेव्हिसाइड यांनी स्वतंत्रपणे मांडला. पुढील वीस वर्षांहून अधिक काळ त्याला प्रत्यक्ष पुरावा नव्हता.

संशोधन
डिसेंबर १९२४ मध्ये ॲपल्टन आणि त्यांचे सहकारी माइल्स बार्नेट यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राचा उपयोग करून घेतला. रात्रीचे कार्यक्रम संपल्यावर प्रक्षेपणाची तरंगलांबी सावकाश बदलण्यात आली. ऑक्सफर्ड येथे एक तरंग जमिनीलगतच्या मार्गाने आणि दुसरा आकाशातून परावर्तित होऊन पोहोचत होता. दोन्ही तरंगांच्या व्यतिकरणामुळे संकेत आळीपाळीने तीव्र आणि क्षीण होत होता. हे चढउतार मोजून दोन मार्गांतील अंतराचा फरक काढता आला आणि त्यावरून परावर्तक थराची उंची सुमारे १०० किमी ठरली.

थर एकच असावा, ही समजूतही पुढे ॲपल्टन यांच्याच निरीक्षणांनी खोटी ठरवली. सूर्योदयापूर्वी खालचा थर क्षीण झाला की तरंग त्यातून पार जातात आणि २०० किमीहून अधिक उंचीवरील दुसऱ्या थरावरून परततात, असे त्यांना १९२६ च्या सुमारास आढळले. हा थर ॲपल्टन थर म्हणून ओळखला जातो. अशा थरांच्या या प्रदेशास आयनांबर म्हणतात. आयनांबर आणि भूपृष्ठ यांच्यामध्ये वारंवार परावर्तित होत लघुलहरी पृथ्वीच्या दूरच्या भागापर्यंत पोहोचतात. दिवसा खालच्या भागात मध्यमलहरी शोषल्या जातात. रात्री हे शोषण ओसरते, म्हणून दूरची केंद्रे रात्री ऐकू येतात.

१९३२-३३ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील मोहिमेत, तीव्र चुंबकीय वादळांच्या वेळी परावर्तित संकेत नाहीसे होतात, असे त्यांच्या पथकाला दिसून आले. परावर्तित तरंगावरून अंतर मोजण्याचे तत्त्व पुढे रडारमध्येही उपयोगी पडले.

उत्तरायुष्य
१९३९ ते १९४९ या काळात ॲपल्टन ब्रिटिश शासनाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाचे सचिव होते. १९४९ पासून ते एडिनबरो विद्यापीठाचे प्रमुख होते. त्याच पदावर असताना १९६५ मध्ये एडिनबरो येथे त्यांचे निधन झाले.