बलरेषांचा शोध घेणारे फॅरडे

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहारकाम करीत. घरच्या गरिबीमुळे मायकेलचे शिक्षण लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित एवढ्यावरच थांबले. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून राहिला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो फावल्या वेळात वाचू लागला. त्यांपैकी एका विश्वकोशातील विजेवरील लेखाने त्याच्या आयुष्याला दिशा दिली.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या प्रवेशपत्रिकांमुळे त्याला सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकता आली. त्यांची टिपणे त्याने स्वतः बांधून डेव्हींना पाठविली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत त्याची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली.

१८२० साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी दाखवून दिले की, तारेतून विद्युतधारा वाहू लागताच जवळची चुंबकसूची वळते. स्थिर विद्युतप्रभाराभोवती केवळ विद्युतक्षेत्र असते. प्रभार गतिमान झाला की चुंबकीय क्षेत्रही निर्माण होते. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये, या प्रश्नाने फॅरडे यांना पछाडले. अनेक प्रयोग निष्फळ ठरले, तरी त्यांनी तो प्रश्न सोडला नाही.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्या वेटोळ्यातील धारा सुरू किंवा बंद करताच दुसऱ्याला जोडलेल्या तारेजवळची सूची क्षणभर हलली. धारा एकसारखी वाहत असताना मात्र ती स्तब्ध राहिली. पुढे वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करूनही त्यांनी वीज मिळविली. केवळ चुंबक असून भागत नाही, चुंबकीय क्षेत्र बदलावे लागते, हे त्यातून सिद्ध झाले.

चुंबकाभोवती लोहकीस पसरला असता तो वक्र रेषांत मांडला जातो. या बलरेषांतच फॅरडे यांना क्षेत्राचे रूप दिसले. स्थिर प्रभारांच्या विद्युत बलरेषा धनप्रभारापासून निघून ऋणप्रभाराशी संपतात. चुंबकीय बलरेषांना मात्र आरंभ वा शेवट नसतो, त्या बंद वलयाच्या असतात. उच्च गणित न शिकल्यामुळे फॅरडे यांना आपले विचार समीकरणांत मांडता आले नाहीत. अनेक विद्वानांनी ते गांभीर्याने घेतले नाहीत. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्यांना गणिती रूप दिले, तेव्हा त्यांचे मोल जगाला कळले.

फॅरडे यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नम्रपणे नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. आजही बहुतेक वीजकेंद्रांतील जनित्रे त्यांनी शोधलेल्या तत्त्वावरच चालतात. शाळा लवकर सुटलेल्या या मुलाचे शिकणे मात्र कधीच सुटले नाही.